पावडर कोंबडीवर, किडा लाकडात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: परसातल्या सहा कोंबड्या दोन महिन्यांपासून अंग खाजवताहेत, तुरे फिके पडलेत, रोजच्या चार-पाच अंड्यांची आता दोन झाली आहेत. किडे मारायची पावडर दोनदा चोळून झाली, राखेचं घमेलं ठेवून झालं. दिवसा पिसं उलगडून पाहिली तर फारसं काही सापडत नाही. आता आयव्हरमेक्टिनचे थेंब द्यावेत, की कुत्र्याच्या गोचिडांवरचा स्प्रे मारावा? आणि जाता जाता तुम्ही लिहिलंय की हल्ली संध्याकाळी त्या खुराड्यात शिरायला तयार नसतात, हाकलाव्या लागतात.

जाता जाता लिहिलेलं हे वाक्यच मला सगळ्यात कामाचं वाटलं. कोंबडी अंधार पडायच्या आत आपणहून दांडीवर चढते, तिला सांगावं लागत नाही. ती आत जायला नाखूश असेल तर रात्री आत तिला काहीतरी छळतंय. तेव्हा थेंबही नकोत आणि स्प्रेही नको, निदान आज नको. आज अंधार होऊन दोन-तीन तास झाले की बॅटरी आणि पांढरा कागदी रुमाल घेऊन खुराड्यात जा. कोंबड्या बसतात त्या दांडीच्या खालच्या अंगानं, आणि दांडीचं टोक भिंतीला टेकतं त्या सांध्यात, रुमाल दाबून फिरवा. रुमालावर रक्ताचे लालसर फराटे उठले तर तुमचा शत्रू कोंबडीवर राहतच नाही, तो लाकडात राहतो. दोन वेळा चोळलेली पावडर त्याच्या गावालाही गेलेली नाही.

मला हे कळायला एक अख्खा उन्हाळा गेला. मी तेव्हा एकाच कळपाला चार वेळा पावडर लावली, दर वेळी डबा बदलून. मग एका रात्री कोंबड्या फार फडफडल्या म्हणून बघायला गेलो, तोल सावरायला दांडी धरली आणि काही क्षणांत मनगटापासून कोपरापर्यंत वळवळ सुरू झाली. सकाळी तीच दांडी उचकटून पाहिली, तर खालच्या खाचेत राखाडी भुकटीचा थर होता. ती भुकटी म्हणजे त्या किड्यांच्या कातीची आणि विष्ठेची रास, आणि तिच्यात हजारोंनी जिवंत किडे.

म्हणून मी औषधाचं नाव सांगायच्या आधी एकच विचारतो: किडा दिवसा कुठे असतो? काही जण जन्मभर कोंबडीच्या अंगावरच राहतात. काही जण खुराड्याच्या फटींत राहतात आणि रात्री फक्त रक्त प्यायला अंगावर येतात. पहिल्यांवर इलाज कोंबडीवर करायचा, दुसऱ्यांवर खुराड्यावर. हे उलटंपालटं झालं की पैसा आणि कोंबडी दोन्ही जातात.

अंगावर राहणाऱ्यांमध्ये उवा सगळ्यात जास्त आढळतात आणि सगळ्यात सोप्याही असतात. कोंबडीची ऊ पिवळट, चपटी, दोन-तीन मिलिमीटरची, उघड्या डोळ्यांना स्वच्छ दिसणारी. शेपटीखाली, गुदद्वाराभोवती, पंखांच्या खाली आणि छातीवर पिसं बाजूला केली की त्या पळताना दिसतात. पिसाच्या बुडाशी पांढऱ्या लिखांचे गठ्ठे असतात, कुणीतरी कणी डिंकात कालवून चिकटवल्यासारखे. या उवा कातडीचा कोंडा आणि पिसांचा चुरा चावून खातात. त्यातली अंगावरची मोठी ऊ वाढणारी कोवळी पिसं कुरतडून रक्तही चाखते. लिखा ४ ते ७ दिवसांत फुटतात, आणि अंड्यापासून अंडी घालणाऱ्या उवेपर्यंतचा फेरा साधारण तीन आठवड्यांत पूर्ण होतो. कोंबडीवरून खाली पडलेली ऊ आठवडाभरही तग धरत नाही. माणसावर ती वस्ती करत नाही, त्यामुळे कोंबडी हाताळल्यावर डोक्यात काही वळवळल्याचा भास झाला तर तो भासच समजा.

इथे पावडर चालते, पण लावायची पद्धत चुकते. पाठीवरून भुरभुरवलेली पावडर पिसांवरच राहते. ती कातडीपर्यंत पोचायला हवी. मी जुनी उशीची खोळ वापरतो: कोंबडीचं डोकं बाहेर ठेवून बाकी अंग खोळीत घ्यायचं, आत पावडर टाकायची, आणि बाहेरून हलक्या हातानं पिसांत घोळायची. गुदद्वाराभोवती आणि दोन्ही पंखांखाली वेगळी चिमूट. कोंबडीला घट्ट आवळू नका. तिला आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा, नसतं, छाती हलली तरच श्वास चालतो, आणि छाती दाबून धरलेली कोंबडी हातातल्या हातात गुदमरते. आपणही नाक-तोंड झाकायचं. ०.२५ टक्के परमेथ्रिनची कोंबड्यांसाठीची पावडर असेल तर एका मोठ्या कोंबडीला चहाचा एक चमचा पुष्कळ होतो.

पावडरीनं लिखा मरत नाहीत, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. ‘औषधाचा काही उपयोग झाला नाही’ असं म्हणणाऱ्यांतले निम्मे लोक एकदाच पावडर लावून थांबलेले असतात. आज लावली तर ७ ते १० दिवसांनी पुन्हा लावायची, आणि प्रादुर्भाव दाट असेल तर तितक्याच अंतरानं तिसऱ्यांदा. लिखांचे गठ्ठे असलेली पिसं कात्रीनं बुडाजवळ कापून जाळून टाकली तर काम निम्म्यावर येतं. उपटू नका. आणि निळसर, भरीव बुडाची नवी पिसं कापू नका, त्यांत रक्त असतं.

अंगावरच राहणारा दुसरा पाहुणा म्हणजे पिसातला रक्तपिपासू माइट. हा उवेपेक्षा खूप लहान, सुईच्या टोकाएवढा, काळपट, भराभर पळणारा. गुदद्वाराभोवतीची पिसं मळकट, तेलकट काळी पडलेली दिसली, कातडीवर खपल्या दिसल्या आणि कोंबडी सोडल्यावर आपल्या हातावर ठिपके चालताना दिसले, की हाच. याचा फेरा आठवड्याभरात पुरा होतो, म्हणून थोडे दिसतात म्हणेपर्यंत कोंबडी भरून जाते. फटींत राहणारा लाल माइट, ज्याच्याकडे पुढे येतोच, उन्हाळ्यात माततो, हा थंडीत. कोंबड्याकडे विशेष लक्ष द्या, कळपात सगळ्यात जास्त माइट बहुधा त्याच्याच अंगावर निघतात. या माइटला पावडरीपेक्षा फवारा बरा. द्रावण गुदद्वाराभोवती कातडी ओली होईपर्यंत मारायचं.

फवाऱ्याचं गणित लोक अंदाजानं करतात आणि तिथेच घात होतो. कोंबडीच्या अंगावर परमेथ्रिनचं द्रावण साधारण ०.०५ टक्के असावं. तुमच्याकडची बाटली १० टक्क्यांची असेल तर ते दोनशेपट पातळ करायचं, म्हणजे एक लिटर पाण्यात ५ मिलिलिटर. बाटली ५ टक्क्यांची असेल तर १० मिलिलिटर. बाटलीवर कोंबड्यांसाठी वेगळं प्रमाण छापलेलं असेल तर माझं विसरा आणि ते पाळा. बाटलीवर कोंबड्यांचा उल्लेखच नसेल तर ती कोंबड्यांसाठी नाही. पिकावर मारायची कीटकनाशकं ‘तेच तर आहे’ म्हणून आणू नका. त्यातलं मूळ औषध एकच असलं तरी ते विरघळवायला वापरलेली द्रव्यं वेगळी असतात.

आता तुमचा खरा संशयित, लाल माइट. भुकेला असताना तो राखाडी असतो, रक्त प्याल्यावर लाल होतो, लांबी जेमतेम एक मिलिमीटर. रात्री येतो, अर्धा-एक तास पितो आणि परत फटीत जातो. म्हणूनच तुम्हाला दिवसा काही सापडलं नाही. उबदार हवेत अंड्यापासून मोठा किडा व्हायला ७ ते १० दिवस पुरतात. आणि उपाशी राहायची त्याची ताकद अचाट आहे: गार, दमट जागेत तो रक्ताविना सहा महिने सहज काढतो, अनुकूल जागी त्याहूनही जास्त. ‘दोन महिने खुराडं रिकामं ठेवलं होतं, तरी नव्या कोंबड्यांना झालं’ ही तक्रार मी अनेकदा ऐकली आहे, आणि तिच्यात नवल काहीच नाही. अंड्यांच्या टरफलावर रक्ताचे बारीक ठिपके, पेटीत बसायचं सोडून अंगणात कुठेही अंडी घालणं, फिकट तुरा, ही त्याचीच लक्षणं. खुडूक कोंबडीचे हाल सर्वांत वाईट. ती रात्रंदिवस एका जागी बसते आणि उठत नाही. किडे तिला पिऊन पिऊन पांढरी करतात, कधी ती अंड्यांवरच मरते. पिल्लं तर दोन-चार रात्रींत जातात.

खुराड्याचं काम एका सकाळी सुरू करा आणि त्याच दिवशी संपवा. कोंबड्या बाहेर. तूस, भुसा, पेटीतलं गवत, सगळं पोत्यात भरून जाळून टाका. सुटतील त्या दांड्या, फळ्या, पेट्या सोडवून उन्हात आणा. फटी पत्र्याच्या पट्टीनं किंवा जुन्या सुरीनं खरवडा. मग शक्य तितक्या गरम साबणाच्या पाण्यानं जोरात धुवा. साबण नुसता मळासाठी नाही, तो किड्याच्या अंगावरचा मेणासारखा थर मोडतो. उकळतं पाणी सांध्यांत ओतलं तर आतली अंडीही मरतात, आणि अंडी मारणारे उपाय फार थोडे आहेत. पूर्ण सुकल्यावर औषध फवारा, तेही भिंतींच्या मधोमध नाही. दांडीची टोकं, खिळ्यांची भोकं, बिजागऱ्या, पत्र्याची पन्हळ जिथे लाकडाला टेकते ती जागा, पेटीचा तळ. द्रावण ओघळलं पाहिजे. औषध सुकेपर्यंत कोंबड्यांना आत घेऊ नका. सातव्या दिवशी पुन्हा, चौदाव्या दिवशी पुन्हा. मधल्या काळात अंड्यांतून निघालेली पोरं अंडी घालायच्या वयाला येण्याआधी गाठायची असतात, वेळापत्रकाचं सगळं कारण एवढंच.

यानंतर फटी बुजवा. चुन्यात थोडं पाणी घालून दाट लेप करायचा आणि भिंतींना, सांध्यांना दोन हात द्यायचे. जुनी युक्ती आहे आणि आजही मला तिच्याइतकी खात्रीची दुसरी सापडलेली नाही, कारण ती विषावर नाही, जागा बंद करण्यावर चालते. दांड्या भिंतीला टेकवूच नका. पायांवर उभ्या करा आणि प्रत्येक पाय तेलाच्या वाटीत ठेवा, म्हणजे किड्याला चढायला रस्ता राहत नाही. फाटे-सालीसकट आणलेली फांदी दिसायला छान, पण ती साल म्हणजे माइटची चाळ. गुळगुळीत रंधा मारलेली दांडी लावा.

काही ठिकाणी लाल माइट परमेथ्रिनच्या गटातल्या औषधांना दाद देईनासा झाला आहे. तीन फेऱ्यांनंतरही रुमाल लाल येत असेल तर तेच औषध दाट करून मारू नका, गट बदला, आणि त्यासाठी पशुवैद्याकडे जा. पिण्याच्या पाण्यातून द्यायचं फ्लुरालेनर हे औषध २०१७ मध्ये युरोपीय संघात कोंबड्यांसाठी मंजूर झालं. त्याचे दोन डोस ७ दिवसांच्या अंतरानं देतात. किडा रक्त पितो आणि त्या रक्तातूनच मरतो. माझ्या मते लाल माइटवर गेल्या काही दशकांत आलेला हा सर्वांत मोठा बदल. पण डोस किलोग्रॅममागे ०.५ मिलिग्रॅम इतका सूक्ष्म असतो. कुत्र्याची गोळी कुटून सहा कोंबड्यांत वाटायची कल्पना कुणी सुचवली तर ती तिथेच सोडा.

तुम्ही विचारलेल्या कुत्र्याच्या स्प्रेबद्दलही आता सांगतो. त्यातल्या बऱ्याच स्प्रेंत फिप्रोनिल असतं. अंडी किंवा मांस खायचं असलेल्या पक्ष्यावर ते वापरायचं नाही, पूर्णविराम. २०१७ मध्येच नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये लाल माइट मारायला पोल्ट्रीघरांत बेकायदा फिप्रोनिल वापरलं गेलं, ते अंड्यांत उतरलं आणि लाखो अंडी नष्ट करावी लागली. ती माणसं मोठ्या फार्मची होती, पण घरातली सहा कोंबड्यांची अंडी खाणारी माणसं तर तुमचीच आहेत.

आयव्हरमेक्टिन वेगळं प्रकरण. खवल्या पायाच्या माइटवर त्याचा उपयोग होतो. पिसं चावणाऱ्या उवांवर फारसा नाही, कारण औषध रक्तात आणि ऊ पिसात. लाल माइटच्या बाबतीत किडा अंगावर रात्रीतला तासभरच, बाकीची सेना लाकडात शाबूत. शिवाय ते अंड्यांत उतरतं, आणि अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी ते बहुतेक देशांत मंजूर नाही. पशुवैद्यानं दिलं तर किती दिवस अंडी खायची नाहीत हे त्यांच्याकडून लिहून घ्या. ‘दोन-चार दिवस’ असं मोघम उत्तर पुरेसं नाही.

खवल्या पायाचा उल्लेख आलाच आहे. पायाचे खवले उचललेले, खाली पांढरट भुगा, पाय जाड आणि ओबडधोबड दिसतात तो रोग. माइट खवल्याखाली बीळ करून राहतो. कोमट साबणाच्या पाण्यात पाय पाच-दहा मिनिटं भिजवायचे, मऊ ब्रशनं सुटेल तेवढंच काढायचं, पुसून व्हॅसलिन किंवा खायचं तेल खवल्यांच्या फटींत भरायचं. किड्याला हवा मिळत नाही, तो मरतो. दोन-तीन दिवसांआड, निदान तीन-चार आठवडे. खवला ओढून काढलात तर रक्त येतं. रॉकेल आणि इंजिनाचं जुनं तेल लावणारे लोक आजही भेटतात. त्यानं कातडी भाजते. पाय लगेच गुळगुळीत होणार नाहीत, जुने खवले झडून नवे यायला कित्येक महिने लागतात. तोवर इलाज फसला असं समजू नका.

गोचीड आणि पिसवा थोडक्यात. कोंबडीची गोचीड चपटी, कातड्यासारखी, तीही फटीत राहणारी आणि रात्रीच पिणारी, आणि उपाशी दोन वर्षांहून जास्त जगणारी. तिच्यावर उपाय लाल माइटचाच, फक्त जास्त चिकाटीनं. तिची पिल्लं मात्र पाच ते दहा दिवस कातडीला चिकटून असतात, पंखाखाली जांभळट मण्यांसारखी दिसतात. ही गोचीड ताप आणणारे जिवाणूही पसरवते, म्हणून गोचीड सापडलेल्या कळपात कोंबडी अचानक मलूल होऊन हिरवट संडास करू लागली तर थांबू नका, पशुवैद्याला दाखवा. चिकटी पिसू तुऱ्यावर आणि डोळ्यांभोवती काळ्या मोहरीसारखी घट्ट बसते. चिमट्यानं काढा, वर व्हॅसलिन लावा, आणि खुराड्याखालची सुकी माती खरवडून टाका, कारण तिच्या अळ्या मातीत वाढतात. कुत्रा-मांजरही तपासा, ती त्यांनाही लागते.

राखेबद्दल तुम्हाला कुणी चुकीचं सांगितलेलं नाही, पण राख म्हणजे औषध नव्हे, ती आंघोळ आहे. कोरड्या मातीत लोळणं आणि चोचीनं पिसं विंचरणं ही कोंबडीची स्वतःची व्यवस्था. चोच कापलेल्या कोंबड्यांवर उवा-माइट कित्येक पटींनी जास्त आढळतात, एवढी चोच महत्त्वाची. तिला कोरडी, छपराखालची, वीतभर खोल माती द्या. राख थोडीच, आणि ओली होऊ देऊ नका, ओली राख कातडी पोळते. मातीत गंधकाची पूड मिसळली तर फरक स्पष्ट पडतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात गंधकाच्या धूळस्नानानं उवा आणि माइट इतके घटले, की ज्या कोंबड्या त्या मातीत लोळल्याच नाहीत त्यांच्यावरचेही कमी झाले. डायटोमेशियस माती (सूक्ष्म शैवालांच्या कवचांची भुकटी) कोरडी असेपर्यंतच काम करते आणि फुप्फुसाला त्रास देते, तेव्हा जपून. पाण्यात लसूण, व्हिनेगर: माझ्या कोंबड्यांनी ते प्यायलं आणि किड्यांनी त्यांना प्यायलं. तंबाखूची पानं पेटीत घालू नका, निकोटीन हे खरोखरचं विष आहे. डांबराच्या गोळ्या तर मुळीच नाहीत. आणि कुणाच्या माळ्यावर गॅमेक्झिनचा जुना डबा असेल तर तो तिथेही राहता कामा नये. त्यातलं लिंडेन २००९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या बंदीच्या यादीत गेलं.

रुमाल लाल आला तर आधी सगळ्यात फिकट तुऱ्याची कोंबडी बाजूला काढा. तिला धुऊ नका, फवारू नका. रक्त कमी झालेल्या पक्ष्याला थंडी आणि धसका सोसत नाही. स्वच्छ खोक्यात ठेवा, चांगलं प्रथिनाचं खाद्य, पाणी जवळ. रोज थोडं उकडलेलं अंडं दिलं तरी चालतं. तुऱ्याला लाली परतायला दोन-तीन आठवडे लागतील. तेवढ्यात नाहीच परतली तर विष्ठा तपासून जंत आहेत का पाहा, सगळंच पाप माइटच्या माथी मारू नये.

तिसऱ्या फवारणीनंतर दांडीखाली पन्हळी पुठ्ठ्याचा तुकडा टाचून ठेवा. दर पंधरा दिवसांनी तो फाडून आत बघा, मग जाळा आणि नवा लावा. माइटना त्या पन्हळीत लपायला फार आवडतं, त्यामुळे परत आले तर तुरा फिका पडायच्या आधी पुठ्ठा सांगेल. नवी कोंबडी आणलीत तर निदान तीन आठवडे वेगळी ठेवा, आणि चिमण्यांची घरटी खुराड्याच्या छपरात असतील तर हंगाम संपल्यावर काढा, तिथूनही हे येतात.

एक राहिलं. घरात मांजर असेल तर फवारणीच्या दिवशी तिला कोंडून ठेवा आणि सगळं खडखडीत सुकेपर्यंत सोडू नका. कोंबडीला चालणारं परमेथ्रिन मांजरीच्या यकृताला मोडून काढता येत नाही, थोड्याशा मात्रेतही तिला झटके येतात. धुतलेलं पाणीही तळ्यात किंवा ओढ्यात सोडू नका, माशांसाठी ते तितकंच घातक.